धडा १४ : आईने सोयाबीन खावं का?

वाचण्याआधी

दोन मिनिटं विचार करा आणि शेजारच्याशी मराठीत बोला.

१. तुमच्या घरी आठवड्यातून किती वेळा उसळ किंवा आमटी होते? कशाची?
२. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तब्येतीबद्दल आलेला एखादा निरोप आठवतो का? तो खरा होता का? कसं कळलं?

नवे शब्द

कडधान्य – मूग, मटकी, हरभरा, वाल, सोयाबीन यांसारखे दाणे
संप्रेरक – हार्मोन. शरीरात निरोप पोचवणारा पदार्थ
पाळी जाणे – बाईची मासिक पाळी कायमची थांबणे. पुस्तकी शब्द : रजोनिवृत्ती
अंगातून वाफा येणे – एकदम खूप गरम होणे, घाम फुटणे
अंश – छोटा भाग
आतडं – पोटातली लांब नळी, जिथे अन्न पचतं
वाण – पिकाचा प्रकार, जात
पेंड – बियांतून तेल काढल्यावर उरलेला चोथा
निष्कर्ष – अभ्यासातून शेवटी निघालेलं उत्तर
नगण्य – मोजण्याइतकंही नाही असं

भाग १ : दोन निरोप

समजा, तुम्ही ब्रिस्टलमध्ये राहता. शनिवारची सकाळ आहे. आई तुम्हाला घेऊन ईस्टनमधल्या सेंट मार्क्स रोडवर किराणा आणायला आली आहे. मूग, मटकी, तूरडाळ पिशवीत पडली. आता आई सोया वडीचं पाकीट हातात घेऊन उभी आहे. पाकीट उचलते, परत ठेवते, पुन्हा उचलते.

तुम्ही विचारता, "काय झालं गं?"

आई फोन पुढे करते. फोनवर दोन निरोप आहेत. पहिला पुण्याच्या मावशीचा : "रोज सोया खा. अंगातून वाफा येतात ना, त्या बंद होतील. सोयात बायकांचं हार्मोन असतं म्हणे." दुसरा नात्यातल्या एका काकांचा : "सोया अजिबात खाऊ नका. त्याने कॅन्सर होतो म्हणे."

आई एक्कावन्न वर्षांची आहे. गेलं वर्षभर तिला रात्री झोप नाही. एकदम अंग तापतं, घाम येतो, ती उठून खिडकी उघडते. आणि तिच्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. म्हणून हा प्रश्न तिच्यासाठी साधा नाही.

ती म्हणते, "तू विज्ञान शिकतेस की शिकतोस, ते राहू दे. मला एवढंच सांग, आणि मराठीत सांग. घेऊ की नको?"

हा धडा तुम्हाला त्या उत्तरासाठी तयार करेल.

दोन्ही निरोपांच्या शेवटी एकच छोटा शब्द आहे : *म्हणे*. मराठीत "म्हणे" लावलं की अर्थ होतो, "मी ऐकलंय, पण मला नक्की माहीत नाही." आज आपण या "म्हणे"च्या मागे जाऊन पाहणार आहोत. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तिन्ही "क"ने सुरू होतात, लक्षात ठेवायला सोपे :

कुणाला? किती? कशातून?

भाग २ : कुलूप आणि दुसरी किल्ली

इस्ट्रोजेन हे एक संप्रेरक आहे. ते बायकांच्या शरीरात जास्त आणि पुरुषांच्या शरीरात थोडं असतं. रक्तातून फिरताना ते पेशींवरच्या खास जागांना जाऊन चिकटतं. ते किल्लीसारखं आहे, आणि ती जागा कुलपासारखी. किल्ली कुलपात बसली की पेशीला निरोप मिळतो : वाढ, थांब, हाडं मजबूत ठेव, वगैरे.

पाळी जाण्याच्या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. किल्ल्या कमी पडतात. म्हणून कुणाला वाफा येतात, कुणाला झोप लागत नाही, पुढे हाडं ठिसूळ होऊ शकतात.

आता गंमत बघा. काही वनस्पती असे पदार्थ तयार करतात की त्यांचा आकार या किल्लीशी थोडासा जुळतो. त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. ते बायकांचं हार्मोन नाही, म्हणजे मावशीचं वाक्य इथेच थोडं चुकलं. ती त्या किल्लीची ओबडधोबड नक्कल आहे. कुलपात शिरते, पण नीट फिरत नाही. तिची ताकद आपल्या इस्ट्रोजेनच्या मानाने शेकडो पटींनी कमी असते.

अजून एक गोष्ट. आपल्या शरीरात या कुलपांचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि सोयाबीनमधली नक्कल त्यांतल्या एकाला जास्त पसंत करते. म्हणून ती सगळीकडे सारखं काम करत नाही.

या पदार्थांची दोन घराणी आपल्या कामाची आहेत :

* आयसोफ्लेव्होन – मुख्यतः सोयाबीनमध्ये. त्यांतली मोठी नावं जेनिस्टीन आणि डाइडझीन.
* लिग्नन – जवस आणि तीळ यांत भरपूर.

भाग ३ : मेंढ्या, घोडी आणि आपलं पोट

हे सगळं कळलं कसं? गोष्ट सुरू होते मेंढ्यांपासून.

१९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळ चिंतेत पडले. मेंढ्या गाभण राहत नव्हत्या. शोध घेतल्यावर कळलं की त्या एकाच प्रकारचं क्लोव्हर गवत पोटभर चरत होत्या. क्लोव्हर हे कडधान्यांच्याच कुळातलं. त्यात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन खूप होतं, आणि मेंढ्या दिवसभर तेच खात होत्या.

इथे घाबरून जाऊ नका. आपला दुसरा प्रश्न विचारा : किती? मेंढीचं सगळं जेवणच ते गवत होतं. आपण वाटीभर उसळ खातो. "अति तेथे माती" ही म्हण तुम्ही धडा ६ मध्ये शिकलात. मेंढ्यांची गोष्ट म्हणजे तीच म्हण.

दुसरा प्राणी घोडी. १९३२ मध्ये लंडनच्या दोन शास्त्रज्ञांना घोडीच्या मूत्रात एक नवा पदार्थ सापडला. लॅटिनमध्ये घोड्याला "इक्वस" म्हणतात, म्हणून नाव पडलं इक्वॉल. पुढे १९८०च्या दशकात तोच पदार्थ माणसांतही सापडला, तो सोया खाणाऱ्यांच्या लघवीत. आपल्या आतड्यातले काही जिवाणू डाइडझीनपासून इक्वॉल बनवतात.

पण सगळ्यांच्या आतड्यात ते जिवाणू नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांच्या शरीरात इक्वॉल तयार होतं, पाश्चात्त्य देशांत साधारण चारांपैकी एकाच्या. एकच वडी दोन मैत्रिणींनी खाल्ली तरी दोघींना सारखाच परिणाम जाणवेल असं नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

भाग ४ : आपल्या ताटात किती?

आता तिसरा प्रश्न : कशातून? "सोया" हा एकच शब्द, पण दुकानात त्याची कितीतरी रूपं असतात. खालची यादी मोठ्याने वाचा.

* सुकं सोयाबीन, १०० ग्रॅम – साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन. वाणानुसार कमी-जास्त.
* टोफू, १०० ग्रॅम – साधारण २० ते ३० मिलिग्रॅम.
* सोया दूध, एक पेला – साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. कंपनीनुसार बदलतं.
* सोया वडी – सुकी असताना भरपूर. भिजवून पाणी पिळून टाकलं की त्यातला काही अंश निघून जातो.
* सोयाबीन तेल – जवळजवळ शून्य.
* सोया सॉस – नगण्य.
* मूग, मटकी, हरभरा, तूर – सोयाबीनच्या मानाने नगण्य. मोड आणले की थोडं वाढतं.
* जवस आणि तीळ – आयसोफ्लेव्होन नाही, पण लिग्नन भरपूर. सगळ्यांत जास्त जवसात.

तेलाची ओळ पुन्हा वाचा. आता नकाशावर लातूर शोधा. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्यात मैलोन् मैल सोयाबीन दिसतं. जून-जुलैत पेरणी होते आणि दिवाळीच्या आसपास बाजार समित्यांमध्ये पोत्यांच्या थप्प्या लागतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही भारतातली सोयाबीनची दोन मोठी राज्यं आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे अनेक वाण तयार केले. त्यांच्या नावाची सुरुवात "एमएसीएस" अशी होते, उदाहरणार्थ एमएसीएस १४०७.

पण एवढं सोयाबीन जातं कुठे? बहुतेक तेलाच्या गिरणीत. तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. म्हणजे लातूरची आजी आयुष्यभर सोयाबीनच्या रानाशेजारी राहिली आणि सोयाबीन तेलात भाजी करत आली, तरी तिच्या पोटात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन फारसं गेलंच नाही!

जपानमध्ये उलटं आहे. तिथे टोफू, मिसो, नात्तो हे रोजचं जेवण. पारंपरिक जपानी आहारातून दिवसाला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन मिळतं. ब्रिटनमधल्या सर्वसाधारण जेवणातून मिळतं एखादा मिलिग्रॅम.

मग मराठी स्वयंपाकात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन नाहीच का? आहे, पण दुसऱ्या डब्यात. जवसाची चटणी! जवस भाजून कुटतात हेही बरंच आहे, कारण अख्खा जवस पोटातून तसाच बाहेर पडतो. कुटल्यावर त्यातले लिग्नन आतड्यातल्या जिवाणूंना मिळतात. संक्रांतीचा तिळगूळही याच घराण्यातला.

भाग ५ : ब्रिस्टलने काय पाहिलं?

आता आपल्या गावात परत या. ब्रिस्टल विद्यापीठाचा एक अभ्यास जगभर प्रसिद्ध आहे : "चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज", म्हणजे नव्वदीतली मुलं. एप्रिल १९९१ ते डिसेंबर १९९२ या काळात ज्या बायकांना बाळ होणार होतं, अशा ब्रिस्टल आणि आसपासच्या सुमारे साडेचौदा हजार गरोदर बायका त्यात सामील झाल्या. जीन गोल्डिंग या शास्त्रज्ञ बाईंनी तो सुरू केला. तुम्ही काय खाता, बाळ काय पितं, कधी आजारी पडतं, अशा प्रश्नांचे कागद घरोघरी गेले, आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं भरून पाठवले. ती मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या मुलांचाही अभ्यास चालू आहे. कदाचित तुमच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकाही त्यांतल्याच असतील.

या माहितीवरून २०१२ मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : ज्या मुलींना अगदी तान्ह्या वयात, पहिल्या चार महिन्यांत, सोयाची दूध पावडर मिळाली, त्यांना पहिली पाळी लवकर आली का?

सुमारे तीन हजार मुलींची माहिती पाहिली. सोया मिळालेल्या मुलींना पहिली पाळी सरासरीने काही महिने लवकर आल्याचं दिसलं. पण थांबा. अशा मुली शंभरात जेमतेम दोन होत्या. इतक्या छोट्या गटावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय सोया पावडर देणारी कुटुंबं इतर गोष्टींतही वेगळी असू शकतात. एखाद्या बाळाला गायीच्या दुधाची ॲलर्जी असेल, एखादं घर शाकाहारी असेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं नसतं.

तरी अभ्यास वाया गेला नाही. त्याने पहिला प्रश्न समोर ठेवला : कुणाला? तान्ह्या बाळाचं सगळं पोट त्या एकाच दुधावर असतं, अगदी त्या मेंढ्यांसारखं. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा, एनएचएस, सांगते की सोयाची बाळ-पावडर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. तोच पदार्थ मोठ्या माणसाने पेलाभर पिणं ही वेगळी गोष्ट आहे.

भाग ६ : मग फायदा आहे का?

*वाफा.* अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१२ मध्ये असं दिसून आलं की सोयाच्या आयसोफ्लेव्होनमुळे वाफा येण्याचं प्रमाण, औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीच्या तुलनेत, साधारण पाचव्या भागाने कमी होतं. म्हणजे दिवसाला दहा वेळा त्रास होत असेल तर आठ वेळा. थोडा आराम आहे, पण वाफा "बंद" होत नाहीत. तोही आठवड्यांनी जाणवतो, दोन दिवसांत नाही.

*हृदय.* सोयाचं प्रथिन रोज २५ ग्रॅमच्या आसपास खाल्लं तर वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्के कमी होऊ शकतं. अमेरिकेने १९९९ मध्ये पाकिटावर तसं छापायला परवानगी दिली. २०१७ मध्ये तिथल्याच खात्याने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, कारण नंतरचे अभ्यास एकसारखे बोलत नव्हते.

*हाडं.* इथे निकाल संमिश्र आहेत.

*कॅन्सर.* काकांचा निरोप आला कुठून? उंदरांवरच्या काही प्रयोगांतून. त्यांना जेनिस्टीन दिल्यावर गाठी वाढल्या होत्या. पण उंदराचं शरीर हे पदार्थ आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने पचवतं. माणसांत काय दिसलं? चीनच्या शांघाय शहरात स्तनाचा कॅन्सर झालेल्या पाच हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्या बायकांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. सोया हेच त्याचं कारण आहे, असं यावरून सिद्ध होत नाही. पण जेवणातल्या सोयाने कॅन्सर होतो, ही भीतीही टिकत नाही.

*गोळ्या.* आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या म्हणजे जेवण नव्हे. एका गोळीत कितीतरी पेल्यांचा अर्क असू शकतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आहे किंवा घरात होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

*थायरॉइड.* थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी सोया त्याच वेळी खाऊ नये, मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

*पुरुष.* "सोया खाल्ल्याने पुरुषांचं हार्मोन कमी होतं म्हणे" हेही तुम्ही ऐकलं असेल. अनेक प्रयोग एकत्र पाहिल्यावर तसं दिसलं नाही. बाबांनाही वाढा.

आणि एक साधा फायदा, ज्यात इस्ट्रोजेनचा काही संबंध नाही : मटकी असो की सोयाबीन, कडधान्यांत प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात. मटणाऐवजी चार दिवस उसळ खाल्ली तर हृदयाला बरंच.

भाग ७ : संवाद

दोघांनी मिळून वाचा. एक जण आई, एक जण "तुम्ही".

आई : मग? घेऊ की नको?
तुम्ही : घे. पण औषध म्हणून नको, भाजी म्हणून घे.
आई : म्हणजे वाफा थांबणार नाहीत?
तुम्ही : थोड्या कमी होऊ शकतात. पूर्ण थांबतील असं नाही.
आई : आणि कॅन्सरचं काय? मावशीला झाला होता, माहितेय ना तुला.
तुम्ही : माहितेय गं. म्हणून तर नीट वाचलं. जेवणातल्या सोयाने तो होतो असं माणसांच्या अभ्यासात दिसलेलं नाही. गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नको.
आई : मला वाटलं होतं, गोळीच बरी. रोज शिजवायला नको.
तुम्ही : आई, रात्री झोप येत नाही हे तू जीपीला सांगितलंस का?
आई : त्यात काय सांगायचं? सगळ्यांनाच होतं.
तुम्ही : सगळ्यांना होतं म्हणून सहन करायचं असं थोडंच आहे? यावर उपचार आहेत. आपण अपॉइंटमेंट घेऊ. मी येते की येतो, तूच ठरव!
आई : बरं बाई, बरं बाबा. चल, जवस पण घेऊ. आजीसारखी चटणी करते.

भाषेची खिडकी : खात्रीची शिडी

मराठीत आपण किती खात्रीने बोलतो ते क्रियापदावरून कळतं. वरच्या पायरीवर खात्री जास्त, खालच्या पायरीवर कमी.

१. आहे / नाही – सोयाबीन तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नाही.
२. दिसून आलं आहे – वाफा काही प्रमाणात कमी होतात असं दिसून आलं आहे.
३. शकतं – कोलेस्टेरॉल थोडं कमी होऊ शकतं.
४. असेल / असावं – इक्वॉलमुळे फरक पडत असेल.
५. म्हणे – सोयाने कॅन्सर होतो म्हणे.

पाचव्या पायरीवरचं वाक्य पहिल्या पायरीवर नेऊन ठेवलं की अफवा तयार होते. "म्हणे" गाळून निरोप पुढे पाठवला की नेमकं हेच होतं.

प्रश्न

अ. एका वाक्यात उत्तर लिहा.
१. इक्वॉल हे नाव कशावरून पडलं?
२. लातूरच्या आजीला सोयाबीन तेलातून वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन का मिळालं नाही?
३. जवस कुटून का खावा?

आ. तीन-चार वाक्यांत लिहा.
४. मेंढ्या आणि तान्हं बाळ यांच्यात या धड्यापुरतं काय साम्य आहे?
५. ब्रिस्टलच्या अभ्यासावरून ठाम निष्कर्ष का काढता येत नाही?

इ. वाक्य शिडीवरून एक पायरी खाली आणा.
उदाहरण : सोयाने वाफा कमी होतात. → सोयाने वाफा कमी होऊ शकतात.
६. जवस हृदयाला चांगला आहे.
७. टोफू खाल्ल्याने हाडं मजबूत होतात.

ई. करून पाहा.
८. घरातल्या फडताळातून सोया असलेली तीन पाकिटं शोधा. प्रत्येकात सोया कोणत्या रूपात आहे ते मराठीत लिहा : तेल, पीठ, वडी की दूध?
९. पुण्याच्या मावशीला आणि काकांना एकच निरोप लिहा. सहा ते आठ वाक्यं. "कुणाला, किती, कशातून" हे तिन्ही शब्द वापरा. दोघं मोठे आहेत, त्यामुळे "तुम्ही" वापरा आणि त्यांना वाईट वाटणार नाही असं लिहा. त्यांनी निरोप काळजीपोटीच पाठवला होता, हे विसरू नका.